बसून राहायची जागा

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा पुण्याहून आला होता. वय सव्वीस, हिंजवडीत नोकरी. भाऊबीजेच्या रात्री जेवणं आटोपून आम्ही गच्चीवर बसलो असताना तो म्हणाला, "मामा, नागपुरात माणसानं करायचं काय? चार दिवसांत बघण्यासारखं सगळं संपलं." माझ्या भाऊजींना, म्हणजे त्याच्या वडिलांना, हे लागलं. त्यांनी लगेच बोटं मोजायला घेतली. मेट्रो आली, समृद्धी महामार्गाचे 701 किलोमीटर पूर्ण झाले, कामठी रोडवर खाली रस्ता, वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो उभी राहिली, मिहान या औद्योगिक प्रकल्पात एम्स झालं. पोरानं प्रत्येक गोष्टीला बंगळुरातलं नाहीतर हैदराबादेतलं मोठं उदाहरण दिलं. तासभर वाद चालला आणि दोघंही तोंड फुगवून झोपायला गेले. मी गच्चीवरच थांबलो, आणि तेव्हा लक्षात आलं की एकमेकांच्या विरुद्ध बोलताना दोघांच्याही हातात मोजपट्टी एकच होती: शहराकडे दाखवायला काय आहे? परिसंवादात, प्रचारसभेत, लग्नाच्या पंगतीत नागपूरबद्दल जो वाद झडतो तो हाच. एक बाजू म्हणते हे गाव सुस्त आहे. दुसरी म्हणते, होतं, आता धावायला लागलंय. धावणं चांगलंच, हे दोघांनीही धरून चाललेलं.

हा वाद मुळातच चुकीच्या जागी मांडला जातोय, असं माझं ठाम मत आहे. शहराचा कस पाहुण्याच्या चार दिवसांत लागत नाही. तो लागतो एखाद्या साध्या मंगळवारी संध्याकाळी, कामावरून सुटलेल्या माणसाच्या खिशात पन्नास रुपये असतात आणि लगेच घरी जावंसं वाटत नसतं, तेव्हा. त्याला या शहरात कुठं बसता येतं? तिथं झाड आहे का, दिवा आहे का, प्यायला पाणी आहे का, आणि कोणी उठवायला तर येत नाही ना? फुकट किंवा जवळजवळ फुकट मिळणारी, सावकाश घ्यायची सुखं ही नळाच्या पाण्यासारखी, शहर बससारखी सार्वजनिक सोय आहे. तिच्यासाठी जागा राखावी लागते, पैसा घालावा लागतो, आणि एकदा गेली की ती परत उभी करणं फार अवघड असतं. नागपुराकडे ही संपत्ती अजून बरीच शिल्लक आहे. आपण ती स्वतःच्या हातानं मोडीत काढतोय आणि त्यावर साधा वादही होत नाही, हे माझं दुखणं आहे.

आमच्या बोलीत "काय करून राहिला?" असं विचारतात आणि उत्तर येतं, "बसून राहिलो." बाहेरचे लोक या 'राहिलो'ला हसतात. मला मात्र त्यात या गावाचा स्वभाव ऐकू येतो. 'बसलोय' म्हणणाऱ्याला कधीतरी उठायचं असतं. 'बसून राहिलो' म्हणणारा त्या जागी थोडा वेळ राहायला आलेला असतो. सकाळी सात वाजता तर्री-पोह्याच्या ठेल्यावर उभं राहून बघा. मोठ्या गंजात चण्याची तर्री रटरटत असते, वर लाल तेलाचा तवंग. ठेलेवाला पळीच्या पाठीनं तो तवंग हलकेच बाजूला सारतो, तळाचे काळे चणे उचलतो, पोह्यांवर ओततो आणि मग वरच्या लाल तवंगाचा थोडा भाग सगळ्यावरून फिरवतो. कच्चा कांदा, मूठभर सांबार, लिंबाची फोड. (सांबार म्हणजे कोथिंबीर, नागपुरात ज्याला हे सांगावं लागत नाही तो आपला.) निम्मी प्लेट संपली की ती पुढे करायची, तो न विचारता आणखी तर्री घालतो. तिचे पैसे नाहीत. ठेल्याभोवती पेपर टाकून आलेला पोरगा असतो, ऑटोवाला असतो, कोर्टात जाणारा काळा कोट असतो, फिरून आलेले निवृत्त हेडमास्तर असतात. एकमेकांची नावं कोणाला ठाऊक नसतात. पण चार दिवस न दिसलेल्या माणसाची विचारपूस झाल्याशिवाय राहत नाही: "काहून भाऊ, तब्येत बरी नव्हती का?" या वीस मिनिटांना दहा फूट फुटपाथ आणि एक कडुनिंब पुरतो. रस्ता रुंद होतो तेव्हा सगळ्यात आधी हेच दोन जातात.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप माझ्या भाच्याचाच आहे. "मामा, पोहे खाऊन हप्ते फिटत नाहीत." खरं आहे त्याचं. मिहानची स्वप्नं आम्ही वीस वर्षांपासून ऐकतोय, आणि तरीही दर जूनमध्ये पुण्याच्या गाडीत पोरं बसवून देताना फलाटावर डोळे पुसणारे आईबाप आहेतच. त्यांतली एक माझी बहीण आहे. ज्या शहराला आपली मुलं जवळ ठेवता येत नाहीत, त्यानं आपल्या निवांत संध्याकाळींचं कौतुक सांगावं, हे त्या मुलांना जखमेवर मीठ वाटू शकतं. मी हे टाळून पुढे जात नाही. पण या आक्षेपात एक कडी गुपचूप ओवलेली असते: शहर निवांत आहे, म्हणून रोजगार नाही. ही कडी सिद्ध कोणी केली? पुणं कितीतरी वर्षं पेन्शनरांचं गाव म्हणूनच ओळखलं जात होतं, आणि दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याची तिथली सवय तर दंतकथा होऊन बसली आहे. त्या दुपारच्या झोपेनं पिंपरी-चिंचवडचे कारखाने अडवले नाहीत, हिंजवडीही अडवली नाही. रोजगार येतो तो धोरणानं, भांडवलानं, वाहतुकीनं आणि शिक्षणानं. त्यांतलं काही कमी पडत असेल तर त्याचा जाब तिथंच विचारला पाहिजे. तलावाच्या पाळीवर बसलेल्या माणसाला विचारून काय होणार?

आणि आपल्याच शहराचा इतिहास काय सांगतो? रेल्वे नागपुरात 1867 मध्ये पोचली. 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथं सुरू झाली, तीही जुम्मा तलावाच्या काठच्या दलदलीच्या जमिनीवर. मुंबई सोडून ते नागपूरला आले, कारण कापूस दारात होता, वरोऱ्याचा कोळसा हाताशी होता आणि माल न्यायला रेल्वे होती. सुरुवातीच्या काळात मिलची एक मोठी तक्रार होती की इथला कामगार रोज कामावर येत नाही. गाठीला चार पैसे जमले की दोन दिवस घरी राहतो. त्या काळात यावर दंड आणि हकालपट्टी हाच रुळलेला उपाय होता. मिलनं दुसरा रस्ता धरला. निवृत्तिवेतनाचा निधी 1886 मध्ये, अपघाताची भरपाई 1895 मध्ये, शिवाय बक्षिसं, खेळांचे दिवस, आणि कामाच्या जागी हवा खेळती राहावी म्हणून केलेली व्यवस्था. माणूस रेंगाळतो म्हणून त्याला हाकलून देण्यापेक्षा, तो जिथं आनंदानं येईल अशी जागा करावी, हे शहाणपण या शहरात जवळपास दीडशे वर्षांपूर्वी चालवून दाखवलं गेलं आहे. मिल सव्वाशे वर्षं चालली, 2002 मध्ये बंद झाली. ती बंद पडण्याची कारणं भांडवल, यंत्रं आणि धोरणं यांत शोधावी लागतात. नागपूरकर आळशी झाला म्हणून ती मेली, असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

माझे वडील याच मिलच्या विणाई खात्यात होते. भोंगा झाला की पाळी बदलायची. आठवड्यात पहिली, दुसरी, तिसरी यांपैकी कोणतीही पाळी असो, रविवार ठरलेला होता. संध्याकाळी ते डोक्यावरून अंघोळ करायचे, पांढरा पायजमा घालायचे आणि मला घेऊन जुम्मा तलावावर जायचे. कितीही धुतलं तरी कानामागे कापसाचा एखादा तंतू राहिलेलाच असायचा. एक पुडी फुटाणे घ्यायचे आणि पायऱ्यांवर बसायचे. तासभर. फारसं बोलायचेही नाहीत. लहानपणी मला याचा कंटाळा यायचा. आज कळतं, सहा दिवस मागांच्या खडखडाटात ज्याला शेजारच्याचा आवाज ऐकू येत नाही, त्याला त्या तासाभरात पाण्याचा, पोरांचा, सायकलच्या घंटीचा आवाज ऐकायचा असतो. तो तास त्यांच्या आठवड्याचा मालक होता.

इथं दुसरा आक्षेप येतो, आणि तो मला पहिल्यापेक्षा जास्त विचार करायला लावतो. निवांतपणा हा पोट भरलेल्यांचा छंद आहे, असं म्हणतात. दिवसाला बारा तास मोटारसायकलवर पार्सलं पोचवणाऱ्या मुलाला, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला तलावाकाठच्या संध्याकाळीचं काय सांगता? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर 1890 मध्येच देऊन झालं आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम होतं. सत्यशोधक चळवळीतल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवल्या, सह्या गोळा केल्या, आणि 10 जून 1890 पासून रविवारची सुट्टी मिळवली. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामाचे तास कमी करण्याचा प्रश्न लावून धरला आणि 1946 च्या दुरुस्तीनं कारखान्यातला आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. फुरसत हा श्रीमंतांचा छंद असता तर लोखंड्यांना त्यासाठी लढावं लागलं नसतं. श्रीमंताला ती कधीच मागावी लागली नाही. त्याच्याकडे बंगला होता, बाग होती, क्लब होता. मागावी लागली ती ज्याच्या घरात पाय पसरायला जागा नव्हती त्याला. आजच्या पार्सलवाल्या पोराला फुरसत नाही, यातून फुरसत निरर्थक आहे असं निघतं का? मला तर यातून लोखंड्यांचं काम पुन्हा हाती घ्यायची वेळ आली आहे, असं दिसतं. आणि फुरसत मिळाली तरी ती घालवायला फुकटची जागा नसेल, तर तो रविवार बारा बाय दहाच्या खोलीत पंख्याकडे बघत जाणार.

जुन्या दिवसांचं गाणं मला गायचं नाही. तो तलाव तेव्हाही स्वच्छ नव्हता. आणि त्या पायऱ्यांवर माझी आई कधी बसलेली मला आठवत नाही. ओसरी, पार, चौकातला पानठेला, नाक्यावरचा चहा, या आपण कौतुकानं सांगतो त्या बहुतेक जागा पुरुषांच्या होत्या आणि आजही आहेत. काही जागा विशिष्ट जातींच्या होत्या. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, हे विसरून तलावाकाठच्या गोडव्याबद्दल बोलणं मला जमणार नाही. तळं सगळ्यांचं आहे असं नुसतं म्हणून ते सगळ्यांचं होत नाही. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी धम्मदीक्षेसाठी हेच शहर निवडलं. दरवर्षी त्या दिवसांत दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांचे स्टॉल लागतात. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं, बाया, म्हाताऱ्या, लेकरं मैदानात शिदोरी सोडून बसतात, पुस्तकं उलटीपालटी करून बघतात, विकत घेतात आणि पिशवीत जपून ठेवतात. कोणी त्यांना घाई करत नाही, कोणी तिकीट मागत नाही. निवांत बसायच्या हक्काचं याहून मोठं रूप मी या शहरात पाहिलेलं नाही. ज्यांना जागा नाकारली गेली होती त्यांनी ती हक्कानं घेतली आणि सगळ्यांना मोकळी ठेवली. म्हणून, या जागा पुरुषी होत्या, एकांगी होत्या, या टीकेला माझं उत्तर इतकंच आहे: तिथं दिवे लावा, बायकांसाठी स्वच्छ संडास बांधा, शेवटची बस उशिरापर्यंत सोडा. जागा बंद करून टीका सुटत नाही.

मॉलच्या बाजूनं बोलणाऱ्यांचंही मला पटतं, आणि ते मोकळेपणानं सांगतो. वडिलांच्या मिलच्या जमिनीवर आज मॉल आहे. मे महिन्यात आजूबाजूच्या वस्त्यांतली कुटुंबं तिथं येतात, काही विकत न घेता दोन तास गारव्यात फिरतात. माझ्या मुलीला मैत्रिणींबरोबर तिथं पाठवताना मला काळजी वाटत नाही. बागेत पाठवताना वाटते. का? तिथं उजेड आहे, स्वच्छतागृह आहे, पहारा आहे, सरळ चालता येईल अशी फरशी आहे. म्हणजे लोक दुकानांसाठी जातात असं समजायचं कारण नाही. आपण सार्वजनिक जागेत ज्या चार गोष्टी द्यायला हव्या होत्या, त्या त्यांना तिथं मिळतात. पण मॉलच्या दारावरचा माणूस कोणालाही आत येऊ नको म्हणू शकतो, आणि मॉल उद्या तोट्यात गेला तर कुलूपही लावू शकतो. महाराजबागेला भोसल्यांपासून आजपर्यंत ते कारण लागू पडलेलं नाही.

फुटाळ्याचं उदाहरण मला सगळ्यात जास्त सलतं. भोसल्यांच्या काळातला हा तलाव. संध्याकाळी कठड्यावर ओळीनं माणसं, हातात भाजलेलं कणीस, मागे सेमिनरी हिल्सची झाडं, समोर पाण्यावर मावळतीचा उजेड. तिथं संगीत कारंजी आणि प्रेक्षागॅलरी उभी राहायला लागली आणि वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथं मुख्य प्रश्न काय ठरला? माणसानं बांधलेला तलाव पाणथळ जागांच्या नियमांत बसतो की नाही. कायद्याच्या दृष्टीनं तो प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि तो धसाला लावणाऱ्या नागरिकांचे मी आभार मानतो. पण गावात जो वाद झाला त्यात एक पक्ष पर्यटन म्हणाला, दुसरा पक्षी आणि पाणी म्हणाला, आणि रोज कठड्यावर बसणारा माणूस दोघांच्याही बोलण्यात आला नाही. कारंज्यामुळे पर्यटक येतील, कणीसवाल्याचा धंदा वाढेल, हे मी नाकारत नाही. पण कारंज्याचा खेळ ठरलेल्या वेळी सुरू होतो आणि ठरलेल्या वेळी संपतो. लोक बघतात, टाळ्या वाजवतात, उठतात. तलाव बघायला मात्र कोणती वेळ नसते, त्याचा शेवट नसतो, आणि म्हणूनच माणूस तिथं रोज जाऊ शकतो. वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यासाठी रोज येणाऱ्याची जागा आखडायची, हा हिशेब कोणत्या वहीत बसतो?

रोज येणाऱ्या माणसाचा आणखी एक उपयोग आहे, तो कोणत्याच प्रकल्प अहवालात लिहिलेला नसतो. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी पाण्यात गेली. लोकांच्या घरात छातीइतकं पाणी, गाड्या एकमेकांवर चढलेल्या. त्यानंतर सांडवा, नाग नदीचं पात्र, त्यात झालेली बांधकामं यांवर बरीच चर्चा झाली. अंबाझरीच्या बांधावर रोज पहाटे फिरणाऱ्या म्हाताऱ्याला पाणी कोणत्या बाजूनं उतरतं, पात्र कुठं अरुंद झालंय, यंदा जलपर्णी किती माजली आहे, हे पायांना ठाऊक असतं. धावत्या गाडीतून तलाव निळा दिसतो, बस. शहराची राखण करायची तर ते आधी निरखलेलं असावं लागतं, आणि निरखायला वेळ लागतो.

मग ऊन. नागपूरच्या संथपणाबद्दल बोलणाऱ्यांनी एकदा मे महिन्यात दुपारी दोन वाजता झिरो माइलपाशी उभं राहून पाहावं. 23 मे 2013 रोजी इथं 47.9 अंशांची नोंद झाली आहे. या हवेत दुपारी थांबणं आणि पहाटे-संध्याकाळी जगणं हे पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण आहे. इंग्रज अधिकाऱ्यांनी यावर उपाय शोधला तो असा की उन्हाळ्यात मध्य प्रांताचं सरकारच पचमढीला न्यायचं. जे मागे राहिले त्यांनी आपली सोय आपण केली: खिडकीला वाळ्याच्या ताट्या, अंगणात बाज, माठाचं पाणी, कैरीचं पन्हं आणि दिवस कलल्यावर तलावाकाठी फेरफटका. पचमढी आज कोणाला परवडते? परवडतो तो एसी, आणि तो घरातली गरमी रस्त्यावर ओततो. शहर तापत चाललंय तसतशी झाडाखालची फुकट जागा ही चैन राहत नाही, जीव वाचवायची गोष्ट होते. 2021 मध्ये अजनीतली झाडं वाचवायला नागरिक रस्त्यावर आले तेव्हा त्यांना विकासाचे शत्रू म्हटलं गेलं. मला विचाराल तर त्या उन्हाळ्यात या शहराचा सगळ्यात व्यवहारी विचार तेच करत होते.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे की आपण या सुखांची बाजू फार हळवेपणानं मांडतो. संत्र्याचा मौसम, पुडाची वडी, सावजीचा रस्सा, जुनं नागपूर किती छान होतं. समोरचा ऐकतो, हसतो आणि निविदा काढतो. खरं तर या निवांतपणात मोठी ताकद आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मारबत निघते, म्हणजे इडापिडेच्या पुतळ्याची मिरवणूक. काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून. तिच्याबरोबर बडगे, म्हणजे आणखी पुतळे, निघतात: महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, त्या वर्षी लोकांना जे जे छळतं त्या सगळ्याचे बडगे. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" असं ओरडत सगळं महाल-इतवारी रस्त्यावर येतं. हे कोण करतं? संध्याकाळी गल्लीत बसून महिना महिना बांबू, कागद आणि कापड जोडणारी माणसं. गप्पांत विषय ठरतो, गप्पांतच म्हण जुळते. बसायला गल्ली नसती, वेळ नसता, तर सत्तेला भर रस्त्यात नाव घेऊन सुनावणारी ही परंपरा इतकी वर्षं टिकली असती का? माणसं एकत्र बसतात तिथं बोलणं होतं, आणि बोलणं होतं तिथं प्रश्न विचारले जातात. बाकं काढून टाकण्याची घाई कोणाला असते, याचाही यातून थोडा अंदाज येतो.

बाकांचं मी उगाच म्हणत नाही. आमच्या वस्तीतल्या बागेत फाटकाजवळ, गुलमोहराखाली तीन सिमेंटची बाकं होती. सकाळी तिथं फिरायला आलेल्या बाया बसायच्या, दुपारी जवळच्या बांधकामावरचे मजूर डबा खायचे, संध्याकाळी आजूबाजूच्या चार-पाच म्हाताऱ्या. मागच्या पावसाळ्यात एके दिवशी बाकं गेली. चौकशी केली तेव्हा कळलं, रात्री टवाळखोर बसतात अशी तक्रार आली होती. त्याच आठवड्यात बाग सकाळी नऊ ते दुपारी चार बंद राहील असा बोर्डही लागला. टवाळखोर रात्री बसत होते; कुलूप दुपारी लागलं. मजूर आता रस्त्याच्या कडेला, ट्रकच्या सावलीत डबा उघडतात. म्हाताऱ्यांपैकी एक आजी, ज्यांना गुडघ्यांमुळे जमिनीवर बसता येत नाही, त्या नातवाच्या हातानं घरून प्लास्टिकची खुर्ची आणवायच्या. नातू दहावीत गेला, शिकवणी लागली, तेव्हापासून त्या दिसल्या नाहीत. मी त्यांच्या घरी गेलो होतो. "येऊन काय करू बाप्पा," त्या म्हणाल्या, "उभं राहवत नाही आणि बसायला जागा नाही."

गुलमोहराखाली ओट्यावर बाकांच्या पायांचे बारा चौकोन अजून उमटलेले आहेत, आणि त्यांत पावसाचं पाणी साचतं. अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे, दोनदा जाऊन आलो. अर्जावर आता बेचाळीस सह्या आहेत. सातवी सही त्या आजींची, थरथरत्या हातानं पण पूर्ण नावानं केलेली. भाचा पुण्याला परत जाताना त्यानंही सही केली, पत्ता मात्र आमचाच लिहिला. येत्या सोमवारी मी तिसऱ्यांदा जाणार आहे.